न बदललेला प्रोसेसर

ईशान, मीरा, तुम्ही इथे ठेवून गेलेला गेमिंगचा लॅपटॉप काल दुरुस्तीला नेला. आजोबाही सोबत आले होते. दुकानदाराने मागचे झाकण उघडून पंख्यातली धूळ झटकली आणि म्हणाला, "आजी, रॅम वाढवतो, डिस्क नवी घालतो. प्रोसेसर मात्र बोर्डावरच पक्का बसवलेला आहे, तो बदलता येणार नाही. काय आजोबा, चालेल ना?"

आजोबा त्याच्याकडे पाहत राहिले. दुकानदार कामाला लागला. सगळे बसवून तो झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळत होता, तेव्हा आजोबा म्हणाले, "चालेल. माझाही जुनाच आहे."

दुकानदार हसला. मी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते. अर्धांगवायूनंतरही त्यांच्याजवळ शब्द पूर्वीइतकेच आहेत, फक्त ओठांवर यायला वेळ लागतो. माणूस आपल्यात किती उरतो, हे आपण त्याच्या उत्तरासाठी किती थांबतो यावरच असावे.

लॅपटॉप आता चांगला चालतो. तरी आजोबा नुसतेच तुमच्याकडे पाहत राहिले, तर व्हिडिओ कॉल अडकला असे समजू नका. गेल्या रविवारी तुम्ही तसे समजून तो बंद केलात. त्यानंतर काळ्या पडद्याकडे पाहत ते म्हणाले, "हो मीरा, जेवलो."