उजव्या हाताचे एकवीस दिवस

“हा अवबाहुक,” वैद्यबुवा म्हणाले आणि त्यांनी माझा हात सोडला. सोडल्याबरोबर तो धोंड्यासारखा खाली आला.

अवबाहुक म्हणजे खांद्यात वात धरतो, तिथल्या शिरा आखडतात आणि हात वर जाईनासा होतो. त्या सकाळी मला कपाळाला कुंकू लावता आले नव्हते. डाव्या हाताने लावले, ते भुवईकडे गेले.

वैद्यबुवांनी औषध सांगितले. नाकात उडदाच्या तेलाचे थेंब, खांद्याला निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, आणि एकवीस दिवस कोणतेही काम नाही. हे पाळले नाही तर हात असाच राहील. मी म्हटले, महिन्यावर नातवाची मुंज आली आहे, पुरण कोण वाटणार?

“मुंज मुलाची आहे,” ते म्हणाले. “ती आपल्या हाताशिवायही लागते.”

माझ्या वडिलांनी मला लिहायला शिकवले होते म्हणून हे लिहिते आहे. जिला वाचता येते तिने न येणारीला वाचून दाखवावे. पन्नाशीकडे झुकलेल्या बायकांनी तर जरूर ऐकावे.

दुखणे खांद्यात दिसले तरी त्याची सुरुवात दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा माझे महिन्याचे बाजूला बसणे कायमचे थांबले. मला सुटल्यासारखे वाटले. आता सोवळ्यातला स्वयंपाक कधीच अडणार नाही, हे मी स्वतःच घरभर सांगितले. तिन्ही सुना आळीपाळीने बाजूला बसत, आणि त्या प्रत्येकीच्या दिवसांत चूल, पाटा आणि जाते माझ्याकडे येत. घरात पंधरा माणसे. यांच्या दफ्तराला सणावारी टाळे लागते. चूल सणावारीच जास्त पेटते. शेजारणीही बोलावू लागल्या, कारण मला कधी अडचण नसे. मी जात असे, आणि सांगायला हरकत नाही, मला त्याचा ताठा होता.

खांदा पावसाळ्यापासून ठणकत होता. मी त्याला तेल चोळत होते आणि त्याच हाताने वरवंटा ओढत होते.

वैद्यबुवा गेल्यावर मी माजघरात आडवी झाले. चार दिवस निभले, म्हणजे मी पडल्या पडल्या हुकूम सोडत होते. सुना दर घटकेला विचारायला येत, तिखट किती, डाळ कुठली. पाचव्या दिवशी मधलीने कणीक फार सैल भिजवली. मी उठले आणि ती सारखी केली. कामच ते केवढे! दुपारपर्यंत हात कोपरातूनही वाकेना.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली, मग पोळ्यांची टोपली पाहिली. “आजचा दिवस पहिला,” ते म्हणाले. आणखी एकदा असे झाले तर मला बोलावू नका, असेही सांगून गेले.

त्या दिवशी मी खरी घाबरले. हाताविना बाई घरात कशी राहते, ते मी पाहिले आहे. तिला कोणी काही म्हणत नाही आणि काही विचारतही नाही.

दुसऱ्या दिवशी परसदारी गंगूबाई आली. ती बिबवेवाडीहून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन येते. मी मेथी का निवडून घेत नाही, असे तिने विचारले. मी हात दाखवला.

ती म्हणाली, “आमुशाला आमी औत धरत न्हाई. बैल बी बसतो, नांगर बी बसतो. तुमास्नी हाय का येखादी आमुशा?”

ती गेल्यावर मी परसातल्या लहान खोलीकडे पाहत राहिले. सुना आपल्या दिवसांत बसतात ती खोली. तिथे बसलेलीच्या हातात कोणी काही देत नाही, तिने कशाला शिवायचे नाही, पाणीसुद्धा वरून ओततात. पंचवीस-तीस वर्षे मला महिन्याचे तीन दिवस त्या खोलीने सांभाळले होते. मी त्याला अडचण म्हणत होते.

मी घरात सांगितले की उरलेले दिवस मी त्या खोलीत बसणार. विटाळ आहे असे खोटे म्हणणार नाही, पण तिथली रीत पुरी पाळणार. मला कोणी शिवायचे नाही, मी कशाला शिवायचे नाही; थेंब आणि शेक तेवढे माझे मी डाव्या हाताने घेणार.

यांच्या थोरल्या बहिणी, आमच्या वन्सं, सत्तरीच्या. लहानपणी विधवा होऊन माहेरी परतल्या, तेव्हापासून इथेच राबतात. त्या संतापल्या. “कारण नसताना जाऊन बसायला ती काय धर्मशाळा आहे?”

वैद्यबुवा शेकाचा पाला घेऊन आलेच होते. “आजी,” ते म्हणाले, “औषध कोणत्या खोलीत लागू पडेल ते वैद्य ठरवतो.”

माझ्या चटईशेजारी मी चुन्याची वाटी ठेवली. रोज सकाळी भिंतीवर हात जिथवर जाईल तिथे बोट टेकवायचे. पहिली खूण छातीच्या खाली होती. आठ दिवस ती जागची हलली नाही. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला तरी मी उठले नाही, कारण उठून करणार काय? शिवता येत नव्हते. झोप मात्र इतकी आली की मला लाज वाटली. नंतर लाजही वाटेनाशी झाली. एकविसाव्या दिवशी हात डोक्यावरच्या खुंटीला लागला.

मुंजीचे पुरण सुनांनी वाटले. थोडे भरड होते. पंगतीतून कोणी उपाशी उठले नाही.

हे सारे याच हाताने लिहिले आहे. त्याबद्दल वैद्यबुवांचे उपकार आहेत, आणि गंगूबाईचे जास्त, कारण तिने औषध पाटी न उतरवता सांगितले. माझ्या वयाच्या बायकांना एवढेच सांगते की विश्रांती कोणी आणून देत नाही. जी रीत घरात आधीच आहे तिच्यात आपली जागा धरा, म्हणजे वाद कमी होतात.

आता दर अमावास्येपासून तीन दिवस मी त्या खोलीत असते. शेजारी हसतात. गेल्या अमावास्येला दुपारी दारात सावली पडली. वन्सं उभ्या होत्या, काखेत गुंडाळलेली चटई.

“अगं,” त्या म्हणाल्या, “जरा पलीकडे सरक.”