सतरावं नाव

फोन आला तेव्हा मी लातूरला आमच्या कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या याद्या तपासत होते. फोन माझ्या जुन्या वर्गमित्राचा होता. तो आता नांदेडला, आम्ही शिकलो त्याच विद्यापीठात, विभागप्रमुख आहे, आणि पदवीदान समारंभात मंचावरून नावं पुकारायचं काम त्याच्याकडे असतं. "पीएच.डी.वाल्यांची रांग लावायला ये," तो म्हणाला. "रांग चुकली की सगळंच चुकतं. तू मागे उभी असलीस की मला वळून बघावं लागणार नाही."

मी लगेच हो म्हटलं. समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने निघाले. सोबत तीन रंगांचे पेन, स्टेपलर, सेफ्टी पिनांची डबी, चिकटपट्टी आणि अडतीस नावांची यादी, तीन प्रतींत.

पद्धत अशी असते. एक यादी पुकारणाऱ्याकडे, एक रांगेजवळ, एक फाटकावरच्या रखवालदाराकडे. पदवीच्या फायली त्याच क्रमाने मंचावरच्या टेबलावर रचलेल्या. नाव पुकारलं की माणूस पुढे येतो, गठ्ठ्यातली वरची फाइल पाहुण्यांच्या हातात जाते, त्यांच्या हातून त्याच्या हातात, फोटो, पुढचा. थांबून फाइल उघडून बघायला कुणाला वेळ नसतो. म्हणून रांगेत मध्येच एक माणूस कमी किंवा जास्त झाला, तर त्याच्या मागच्या प्रत्येकाला दुसऱ्याची पदवी मिळते.

सूचनापत्रात हजेरीची वेळ सकाळी दहापर्यंत दिलेली होती. साडेनऊला मी हजेरी घेतली. सदतीस जण आले होते. सतरा नंबरची खुर्ची रिकामी. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. दहाला अजून वीस मिनिटं होती, पण साडेदहाला पाहुण्यांची मिरवणूक निघणार होती आणि ती रिकामी खुर्ची मला बघवत नव्हती. लाल पेनने नाव खोडलं. पुढच्या एकवीस जणांचे नंबर बदलले, खुर्ची उचलायला लावली, फायलींवरच्या चिठ्ठ्या बदलल्या, सतरावी फाइल काढून माझ्या टेबलावर ठेवली, नवी यादी वर्गमित्राच्या हातात दिली आणि तिचा फोटो रखवालदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सगळं दहा मिनिटांत. माझं मलाच बरं वाटलं.

मंचामागे चहापाण्याचं बघणारे एक शिपाई होते, निवृत्तीला आलेले. ते मघापासून माझी धावपळ बघत होते.

"मॅडम, दहा तर वाजू द्यायचे."

"वीस मिनिटांत काय होणार आहे?"

"काही न्हाई. मी आपलं म्हणून राहिलो."

साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना एक बाई धापा टाकत मंचामागे आली. वय चाळिशीचं, खांद्याला पिशवी, चेहरा घामाने डबडबलेला. मी एका मुलीच्या खांद्यावर उपरणं पिनने अडकवत होते.

"मॅडम, माझं नाव सतरा नंबरला होतं."

"उशीर केलात," मी मान वर न करता म्हटलं. "वेळ दहाची होती."

"मी पाच कमी दहाला फाटकावर होते. रखवालदार म्हणाला, यादीत नाव नाही. अर्धा तास त्याच्याशी भांडले. त्याने रजिस्टरात माझी वेळ लिहून घेतलीय, चला, दाखवते."

रजिस्टर बघायची मला गरज नव्हती.

बाई इस्लापूरच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा सांभाळून नऊ वर्षं तिने ही पीएच.डी. केली होती. तिची माणसं सकाळीच येऊन सभागृहात बसली होती, चौदा जण. जीप करून आली होती.

"मग तुम्ही त्यांच्याबरोबर का नाही आलात?"

"जीपमध्ये जागा उरली नाही. ऐनवेळी आत्या म्हणाली, मी पण येते. मग मी उतरले आणि रेल्वेने आले. मुदखेडला गाडी तासभर उभी राहिली, फोनची बॅटरी संपली."

"जिची पदवी, तिनेच जीपमधून उतरायचं?"

"आत्याला नाही कसं म्हणायचं?" तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं.

बाहेर बँड सुरू झाला. मिरवणूक निघाली. वर्गमित्र तिच्यातच होता, पाहुण्यांच्या पुढे, काखेत माझी यादी. आता तो थेट मंचावर चढणार होता.

मला एक सोपा रस्ता दिसत होता. यादीत नाव नाही, पदवी पोस्टाने येईल, नमस्कार. मी पावणेदहाच्या आतच नाव खोडलं हे त्या शिपायांशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि ते बोलले नसते. हा विचार मी चांगला मिनिटभर केला. बाई तेवढा वेळ माझ्यासमोर हलली नाही. रडलीही नाही. रडली असती तर कदाचित मी तिला समजावून परत पाठवलं असतं.

तिला मध्ये घालणं शक्य नव्हतं. चिठ्ठ्या बदललेल्या, यादी बदललेली. जागा उरली होती ती एकच, सगळ्यात शेवटी. पण शेवटचं नाव झालं की वर्गमित्र यादीची फाइल मिटणार. त्याच्यापर्यंत कागद पोचवायला हवा होता, आणि मंचावर मध्येच जायची मुभा फक्त पाणी नेणाऱ्याला होती.

मी चिठ्ठीवर तिचं नाव आणि प्रबंधाचा विषय लिहिला. शिपायांनी ती उलटसुलट बघितली.

"सही?"

"नुसता निरोप आहे."

"सर बिनसहीचं वाचत न्हाईत. आन् काहून ते बी लिहा. न्हाईतर त्यायला वाटंल, कोणी तरी वशिल्यानं घुसून राहिलं."

मी लिहिलं, 'माझ्या चुकीमुळे हे नाव वेळेआधी वगळले गेले. शेवटी पुकारावे.' खाली सही केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं वाक्य मी दुसऱ्यांकडून लिहून घेतलं होतं, स्वतः कधी लिहिलं नव्हतं.

शिपाई ट्रे घेऊन गेले. पडद्याच्या फटीतून मी बघत होते. त्यांनी चिठ्ठी वर्गमित्राच्या हाताशी ठेवली, शेजारी ग्लास. तो नववं नाव वाचत होता. वाचता वाचता त्याने ग्लास उचलला, घोटभर पाणी प्यायला आणि ग्लास चिठ्ठीवरच ठेवला. खाली बघितलंच नाही. माझ्या यादीवर त्याचा इतका विश्वास होता.

चौदा, पंधरा, सोळा. मग सतरा.

"हा माझ्यानंतरचा," बाई शेजारून हळूच म्हणाली.

त्याच सुमारास सभागृहात मागच्या बाजूला काही गडबड झाली. माणसं उठली, कुणीतरी मोठ्याने बोललं, दार उघडलं, मिटलं. मी रांग पुढे सरकवत होते, लक्ष दिलं नाही.

सदतीस संपले. पाहुणे खाली बसले. वर्गमित्राने फाइल मिटली.

"चला," मी म्हटलं.

"नाव नाही घेतलं त्यांनी."

"मी सांगते ना, चला." मी तिच्या पाठीला हात लावून तिला पुढे केलं.

ती चार पावलं जाऊन दिव्यांच्या उजेडात थांबली. वर्गमित्राने तिच्याकडे बघितलं, आणि मग वळून माझ्याकडे. मी ग्लासाकडे बोट दाखवलं. त्याने ग्लास उचलला. चिठ्ठी भिजली होती, शाई पसरली होती. तो ती डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला. त्याला वाचता येत नाहीये, आता तो मान हलवणार, असं मला वाटलं.

मग त्याने नाव वाचलं. पूर्ण नाव, आणि विषय: घरी गोंडी बोलणाऱ्या मुलांचं पहिलीतलं मराठी वाचन. पाहुणे पुन्हा उठले. माझ्या टेबलावरची सतरावी फाइल शिपायांनी ट्रेमधून नेली. टाळ्या झाल्या, फोटो झाला. तिने फाइल छातीशी धरली आणि सभागृहात शोधलं. मीही तेव्हाच बघितलं. मागची एक अख्खी रांग रिकामी होती.

ती माणसं फाटकाशी, जीपजवळ सापडली. त्यांनी बोटांवर मोजत नावं ऐकली होती. तिच्या विषयातली सगळी झाली, पुढचा विषय लागला, तेव्हा ती जाब विचारायला बाहेर पडली आणि पुन्हा कुणी आत सोडलं नाही. आत्या, सत्तरीची नऊवारीतली बाई, रखवालदारासमोर उभी होती.

"आमच्या पोरीचं नाव कोन खोडलं?"

रखवालदार मोबाईल दाखवत होता. "लातूरच्या मॅडमची यादी हाय. मला काहून बोलून राहिल्या?"

"मी खोडलं," मी म्हटलं.

आत्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "काहून?"

"त्या आल्या नव्हत्या म्हणून. पण वेळ संपायच्या आधी खोडलं. ते माझं चुकलं."

"आत्या, राहू दे ना. मिळाली ना पदवी," बाई म्हणाली.

"तू गप बस. मिळाली म्हनते. पन बघितली कोन? चौदा मानसं काय फाटक बघायला आली?" मग माझ्याकडे वळून, "वाचता येतं ना तुमाले? मग वाचा. आत वाचलं तसं. हितं."

मला अडतीस उपरणी गोळा करायची होती, जेवणाची कुपनं वाटायची होती. आजूबाजूला गाड्या काढणारी माणसं थांबून बघत होती. मी हातातले कागद जीपच्या बॉनेटवर ठेवले आणि वाचलं. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, विषय. बाई काय करावं न कळून उभी राहिली. मग तिने फाइल आत्याला दिली. आत्याने ती दोन्ही हातांनी धरली आणि तशीच परत तिच्या हातात ठेवली.

जीपच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं, "ऐकू न्हाई आलं."

"मोठ्यानं, बाई," आत्या म्हणाली. "तिकडं म्हातारं मानूस हाय."

मी पुन्हा वाचलं, मोठ्याने.