दोरी आमच्या ओट्याची

गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लोहाऱ्यातल्या आमच्या कॉलनीत एसटी बस आली आणि आमच्या घराच्या कोपऱ्यावर एका दमात वळली.

पूर्वी तिथं तुरीचं रान होतं. त्याचे प्लॉट पडले, आसपासच्या गावांतून माणसं आली, घरं उभी राहिली. बसस्थानक मात्र दोन किलोमीटर दूर राहिलं. माझ्या वहिनी उमरग्याच्या एका दवाखान्यात परिचारिका आहेत. स्थानकापर्यंत चालत जायचं, बस चुकली की जीप भरेपर्यंत थांबायचं. जानेवारीत दवाखान्यानं सांगितलं, मार्चनंतरही उशीर झाला तर नोकरी राहणार नाही.

कॉलनीनं बससाठी अर्ज केला. आगारानं रिकामी बस पाठवून चाचणी घेतली. कॉलनीतून जाऊन बस पलीकडे उमरगा रस्त्याला लागणार होती. आमच्या कोपऱ्यावर ती अडली. चालक खाली उतरला.

"बस हाय ही, सायकल न्हाय," म्हणाला.

नगरपंचायतीच्या नकाशात रस्ता नऊ मीटर होता. टेप लावल्यावर साडेसहा भरला. उरलेला ओट्यांखाली होता. गावाकडं ओटा गल्लीत असतो. संध्याकाळी माणसं तिथंच बसतात. कॉलनीतलं पहिलं घर आमचं. वडिलांनी प्लॉटच्या हद्दीबाहेर चार फूट ओटा काढला. पुढच्या प्रत्येक गवंड्यानं आमच्या ओट्याला दोरी लावून शेजारची रेघ धरली. समोरच्यांनीही तेवढंच पुढं येऊन बरोबरी साधली. सगळी ओळ सरळ होती आणि सगळी रस्त्यात होती.

समोर राहणारे निवृत्त मास्तर वडिलांना म्हणाले, "अण्णा, दोरी तुमच्या ओट्याची. पयला घाव बी तुमचाच."

"पाच वर्षं ह्याच ओट्यावर चहा पिलात, मास्तर. तवा न्हाय दिसला रस्ता?"

"तवा चहाकडं बघत होतो."

सगळे हसले. वडील हसले नाहीत. ओट्याची शहाबादी फरशी त्यांनी एकेक पारखून आणली होती.

वहिनी दारात उभ्या होत्या. "राहू द्या ओटा, मामा," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासनं मी घरीच हाय. तुमच्यासंगं बसून शेंगा फोडीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारीच्या आवाजानं मी बाहेर आलो. फरशा सोडवून वडिलांनी भिंतीला टेकवल्या होत्या आणि ते ओट्याचे दगड उचकत होते.

"बघत काय हुबा? घमेलं आण."

दुपारी मास्तरांनी तीच पहार मागून नेली. आठवड्यात ती सगळ्या घरांतून फिरली. एकटा किराणा दुकानदार अडून राहिला. कॉलनीतल्या बायका सकाळभर त्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या. गिऱ्हाइकाला पाय ठेवायला जागा उरली नाही. संध्याकाळी त्यानं पहार मागितली.

आमच्या फरशांचा कोपऱ्यावरच्या थांब्याला बाक झाला.

सोमवारी चालक तोच होता. वळल्यावर बसचा आरसा आणि आमची भिंत यांत हातभर जागा उरली. मास्तरांनी चाकापुढं नारळ फोडला.

"वळली का सायकल?" वडिलांनी चालकाला विचारलं.

"वळली की, अण्णा. ट्रक बी वळंल आता."

बाकावरून उठून वहिनी पहिल्या चढल्या. दवाखान्यात आठच्या पाळीच्या हजेरीपत्रकावर त्यांनी सात पंचावन्नला सही केली.