आमची नसलेली विहीर

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावात एम.एस. करत असताना मी एका निवृत्त ग्रंथपालबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचे. शेजारच्या खोलीत पुण्याची एक मुलगी होती, माझ्याच डिपार्टमेंटची. स्वयंपाकघर तिघींचं एकच. बाई सत्तरीच्या, एकट्या, चालायला माझ्यापेक्षा चपळ. त्यांना नावानं हाक मारायची असा त्यांचा आग्रह होता, आणि मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

बाईंचं घराणं मूळचं आयर्लंडचं. माझ्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाचच्या सुमाराला, त्यांच्या सगळ्या नातेवाइकांनी जुलैत तिकडे जमायचं ठरवलं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जिथे जिथे कुणी पांगलं होतं तिथून सगळे त्यांच्या खापरपणजोबांच्या गावात येणार होते. वंशावळ करायचं काम बाईंकडे आलं. कॉम्प्युटरशी त्यांचं जमत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी पत्रं आणि चर्चच्या नोंदींच्या झेरॉक्स पसरून त्या वाचायच्या आणि मी टाइप करायचे. कोण कुणाचा मुलगा, कुणाची पहिली बायको, कोण लहानपणीच गेलं. काही दिवसांनी मला त्यांच्या घराण्याची माणसं तोंडपाठ झाली.

खापरपणजोबा दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर होता. दुष्काळात बटाट्याचं पीक कुजलं तेव्हा जमीनमालकाच्या माणसांनी येऊन त्याच्या झोपडीचं छप्परच उतरवलं. बायको आणि दोन मुलांना घेऊन तो बंदरापर्यंत चालत गेला. बायको जहाजावर वारली. इकडे येऊन त्यानं कालवे खणले. बाई हे सगळं ताठ मानेनं सांगायच्या. "आमच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं बघ!" असं म्हणून हसायच्या आणि हसता हसता डोळे पुसायच्या.

अशाच एका शनिवारी पुण्याची मुलगी गॅसपाशी पोहे करत होती. बाईंनी मला विचारलं, "आणि तुझे लोक? तुझे आजोबा काय करायचे?"

माझे आजोबा गावातली मेलेली गुरं ओढायचे. आमची वस्ती गावाबाहेर होती. पुढे आजोबांनी गुरं ओढणं सोडलं आणि सगळ्या वस्तीबरोबर ते बौद्ध झाले. मला एवढंच माहीत होतं, पण एवढं तरी पक्कं माहीत होतं. आमचं आडनाव गावाच्या नावावरून आलेलं, कुणाचंही असू शकेल असं. पुण्याच्या मुलीनं कधी विचारलं नव्हतं आणि मी आपणहून सांगितलं नव्हतं. ती वाईट नव्हती. मला ताप आला तेव्हा तीन दिवस तिनं खिचडी करून वर आणून दिली होती. पण एकदा फोनवर कुणाला तरी ती म्हणाली होती, "आमच्या बॅचमध्ये अर्धे कोट्यातले होते यार, काय शिकणार?" मी जिन्यात उभी होते. तेव्हापासून मी जपून होते.

"शेती होती," मी बाईंना म्हणाले. "गावात घर होतं. मागे विहीर होती, दगडी पायऱ्यांची."

विहीर खरी होती. लहानपणी एकदा बाबांबरोबर गावी गेले होते तेव्हा त्यांनी ती मला लांबून दाखवली होती. ती पाटलांची होती आणि तिच्या पायरीवर आमच्या माणसानं पाऊल ठेवायचं नव्हतं.

पुण्याची मुलगी वळून म्हणाली, "अरे वा! म्हणजे तू पाटलांकडचीच की!"

मी नुसतं हसले.

बाईंनी वहीत लिहून घेतलं. त्यानंतर त्यांनी विचारलं की मी काहीतरी भर घालायचे. आंब्याचं झाड आलं, बैलजोडी आली. एकदा तर मी सांगितलं की येणारे-जाणारे आमच्या विहिरीवर पाणी प्यायचे आणि आजी कुणालाच नाही म्हणायची नाही. हे बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

रविवारी कॉलिंग कार्डवरून नागपूरला फोन व्हायचा. बोलायला विषय हवा म्हणून मी बाबांना बाईंच्या खापरपणजोबाची गोष्ट सांगितली. बाबा पोस्टातून रिटायर झालेले, मुळात कमी बोलणारे. पण त्या गोष्टीत ते गुंतले. "मग त्या दोन लेकरांचं काय झालं? छप्पर काढलं तेव्हा गावातले कोणीच काहून बोलले नाहीत?" पुढच्या रविवारी आधी तेच विचारायचे. मला वाटायचं, त्यांचा वेळ चांगला जातोय.

बाई जुलैत जाऊन आल्या. ऑगस्टमध्ये माझा पदवीदान समारंभ होता, त्यासाठी बाबा आले. आईचे गुडघे दुखायचे म्हणून ते एकटेच आले. बाईंनी हट्टानं त्यांना आपल्याच घरी ठेवून घेतलं. आयर्लंडला जाऊ न शकलेल्या नातेवाइकांसाठी बाईंनी समारंभाच्याच दिवशी, शनिवारी दुपारी, मागच्या अंगणात जेवण ठेवलं होतं. दहा-बारा माणसं होती. पुण्याची मुलगीही होती. बाबांनी समारंभासाठी शिवलेला कोट भर उन्हात घातला होता.

बाईंनी फोटो फिरवले. मेंढ्यांच्या कुरणात दगडांचा एक ढीग आणि त्याच्याभोवती एकसारखे हिरवे टी-शर्ट घातलेली ऐंशी माणसं. "हे आमचं घर," बाई म्हणाल्या. "एवढंच उरलंय." त्यांचा भाऊ चष्मा काढून पुसायला लागला. बाबांनी फोटो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ पाहिला. मग कोटाच्या आतल्या खिशाकडे हात नेला.

तेवढ्यात बाई त्यांच्याकडे वळल्या. "आता तुमच्या गावाबद्दल सांगा ना. तुमच्या मुलीनं मला सगळं सांगितलंय. तुमचं शेत, आंब्याचं झाड, तुमच्या आईची ती विहीर. कसं होतं हो तिचं पाणी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्लेटमधल्या मक्याच्या कणसाकडे बघत होते. मला तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पुण्याची मुलगी समोरच बसली होती, ग्लासात बर्फ घालत.

बाबांचा हात खिशाकडून खाली आला. सावकाश, शाळेत शिकलेल्या इंग्रजीत ते म्हणाले, "पाणी फार गोड होतं. सगळे तसं म्हणायचे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई म्हणाल्या, "किती सुंदर!"

जेवण आटोपल्यावर मी बाबांना घेऊन बसस्टॉपच्या बाजूला फिरायला गेले. ते रागावतील असं वाटत होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. बरंच चालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या पुण्याच्या पोरीसाठी?"

"हो."

"हाव," मान हलवत ते स्वतःशीच म्हणाले. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. फुलस्कॅपच्या दोन पानांवर, त्यांच्या सुवाच्य अक्षरात, इंग्रजीत लिहिलेलं. वरची ओळ मला दिसली: माझे वडील भूमिहीन होते.

"विमानात पाठ केलं," ते म्हणाले. "मला वाटलं, ही बाई आपलं समजून घेईल. आजवर कोणाला सांगावंसं वाटलं नव्हतं."

"बाबा, मला वाचून दाखवा."

"आता नको बेटा. तुला इथं राहायचं आहे." कागद परत खिशात गेला. मग त्यांनी रस्त्याकडेच्या झाडांची नावं विचारली. मला एकाचंही सांगता आलं नाही.

बाबा गेल्यावर दोन आठवड्यांनी मला लांब, चँडलर नावाच्या शहरातल्या एका कंपनीत नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी, पुण्याची मुलगी लॅबमध्ये असताना, मी बाईंना खरं सांगितलं. सांगताना मी त्यांच्याकडे न बघता सिंक घासत होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"थांब. त्या विहिरीचं पाणी तुझे वडील कधी प्यायलेच नव्हते?"

"नाही."

"आणि मी त्यांना सगळ्यांसमोर ते विचारलं." त्या खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तू मला विचारू दिलंस."

मी सॉरी म्हणाले. त्या म्हणाल्या, "मला नको म्हणूस." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बसपर्यंत सोडलं, डबाही दिला, पण पूर्वीसारखं जवळ घेतलं नाही.

त्यांनी बाबांचा पत्ता मागून घेतला होता. हिवाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून जेवत होते. बाईंनी बाबांना माफीचं पत्र लिहिलं होतं आणि उत्तरात बाबांनी ती दोन पानं त्यांना पाठवली होती. "तुला वाचून दाखवू?" त्यांनी विचारलं.

माझ्या आजोबांची गोष्ट मी अशी ऐकली. आजोबा बाबांना घेऊन दोन दिवस चालत शहरातल्या वसतिगृहापर्यंत गेले होते. फाटकाबाहेर संध्याकाळपर्यंत उभे होते, मुलगा परत पाठवला तर न्यायला कुणी असावं म्हणून. पुढे बाबा दर आठवड्याला घरी पोस्टकार्ड लिहायचे. आजोबांना वाचता येत नव्हतं. ते कार्ड घेऊन गावच्या मास्तरांकडे जायचे आणि ते जमिनीवर ठेवून मागे सरायचे. मास्तर ते उचलून मोठ्यानं वाचायचे आणि परत जमिनीवर ठेवायचे. हे कळल्यावर बाबा प्रत्येक कार्डात शेवटी मास्तरांसाठी एक ओळ लिहायला लागले, की आपण वाचून दाखवता त्याबद्दल आभारी आहे. चौथ्या वर्षी एके दिवशी मास्तरांनी कार्ड वाचून आजोबांच्या हातात दिलं.

बाईंचं वाचून झालं. इकडे माझ्या मांडीवरचा डबा तसाच उघडा होता. त्यांच्या घराण्यातली चार पिढ्यांची माणसं मी टाइप केली होती. बाबांना मात्र आयुष्यात कधी विचारलं नव्हतं की तुम्ही शाळेत कसे गेलात.

"तुला हे सगळं माहीतच असेल, अर्थात," बाई म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं."