कड्यातला पंखा

दिगंबर केळुसकर आणि उन्मेष पहिल्यांदा भेटले तेव्हा कोलकात्यातल्या बालीगंजच्या मराठी मंडळात हळदीकुंकू चाललं होतं. दिगंबररावांनी घरी बांधायच्या विमानासाठी केलेला, भोवती कडं असलेला आपला पंखा कौतुकाने सुरू केला. एका क्षणात अख्खं हळदीकुंकू हवेत, दोन आजोबा खुर्च्यांसकट भिंतीला, आणि खजिनदारांचा केसांचा टोप, ऐकीव माहितीनुसार, पार शहराच्या मध्यावर एस्प्लनेडला उतरला. त्या लाल-पिवळ्या ढगातून एक तरुण खोकत बाहेर आला. "काका, पंख्याभोवतीचं कडं काढा. उघडाच बरा."

दिगंबररावांनी त्याला तिथल्या तिथे वैरी ठरवला. पण कोलकात्यात घरी विमान बांधू पाहणारी मराठी माणसं दोनच. भांडायला तरी दुसरं कोण मिळणार? डमडमला, दिगंबररावांच्या सोसायटीच्या गच्चीवर दोघांनी मिळून एकच विमान बांधायला घेतलं. मोटरही एकच.

"कडं उभ्यानं जोर देतं, काका. विमान पळू लागलं की तेच वारा अडवतं."

"मला वारा शिकवू नकोस! पात्याच्या टोकावरून हवा निसटते, ती कडं धरून ठेवतं. फट जितकी बारीक, तितका जोर."

"मग उभ्यानंच दाखवा. पूर्ण वेगात टिकून उघड्या पंख्याहून जास्त ओढलं तर कडं राहील. हरलात तर विमानाला हात लावायचा नाही."

"मंजूर. तू हरलास तर डमडमात पाऊल टाकायचं नाहीस."

दिगंबरराव मूळचे सोलापूरचे. दुर्गापूजेचे मांडव बांधणाऱ्या सुतारांकडून त्यांनी लाकडाचं देखणं कडं करून घेतलं आणि ऐन कोरड्या जानेवारीत पात्याभोवती बसवलं. फट पोस्टकार्डाच्या जाडीची. त्यावर रंगाचा हात फिरवायचीही गरज वाटली नाही; सोलापुरात लाकूड कधी फुगलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"इथे बरणीतलं मीठ पाणी होतं," त्यांच्या पत्नी शकुनताई म्हणाल्या, "तुमचं लाकूड काय कोरडं राहणार?"

"तू मिठाचं बघ."

उन्मेषने चाचणी आषाढात ठेवली. विमानाच्या मागच्या दांड्याला ओढ मोजणारा ताणकाटा अडकवला. उघड्या पंख्याचा आकडा आधीच लिहून झाला होता. मग कड्यातला पंखा फिरला, काटा त्या आकड्याच्या पुढे गेला आणि दिगंबररावांनी जवळजवळ नाचायलाच घेतलं. पूर्ण वेगाला नेताच कर्रकन आवाज झाला. फुगलेल्या कड्याला पातं घासलं आणि त्याचे तुकडे शेजारच्या वाळत घातलेल्या साड्यांत घुसले.

"मुद्दाम आषाढ धरलास, हलकटा!"

"आषाढातही विमान उडवायचंच होतं ना, काका?"

दिगंबररावांनी हातातला नट आवळायचा पाना खाली ठेवला आणि पुन्हा गच्चीवर आले नाहीत. शब्द म्हणजे शब्द. उन्मेषने उघडा पंखा बसवला, पण विमानाच्या दोन्ही पंखांची जोडणी दिगंबररावांनाच ठाऊक होती, आणि विचारायला जाणं त्याला जमलं नाही. पुढच्या वर्षी तो हैदराबादला गेला. पाण्याची नवी टाकी बसवायची म्हणून सोसायटीने गच्चीवरचा विमानाचा सांगाडा कापून काढला.