हौसाबाईंचा डावा हात

"नळीचं सोमवारी ठरलंय मॅडम. तुमची सही राहिलीय तेवढी," नामदेव म्हणाला. त्याच्या आई, हौसाबाई, आठ दिवस घास तोंडात घेत नव्हत्या. घेतलाच तर थुंकत होत्या. पेशंटला समज नाही, भरवणं धोक्याचं, म्हणून नाकातून नळी. आणि 'समज नाही' हे महिन्यापूर्वी मीच लिहिलं होतं.

तेव्हा मी पुण्याहून दर पंधरा दिवसांनी घोडेगावच्या एका दवाखान्यात जायची. स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोबड्या पोरांची बाई, एवढीच ओळख. हौसाबाईंना लकवा झाला होता. उजवा हात गेला, वाचाही गेली. अशा माणसाला शब्द सापडत नाहीत, पण समजतं किती ते तपासावं लागतं. त्यासाठी चित्रांचा तक्ता असतो: भाकरी, पाणी, देव, दुखतंय. भाकरी दाखवा म्हटलं, देव दाखवा म्हटलं. बाई आपली डावी मूठ मांडीवर दाबून बसलेल्या. बाहेर वीस पेशंट खोळंबलेले. शून्य मार्क देऊन मी मोकळी झाले.

सही करायची तर एकदा बघून करावी, म्हणून वैतागतच एसटीनं त्यांच्या डोंगराकडच्या गावाला गेले. तासभर पुन्हा तेच. पार कंटाळले. शेवटी त्यांचा हात धरून भाकरीच्या चित्रावर ठेवायला गेले, तर बाईंनी तो झटक्यात मागं ओढला.

त्यांची सून शांता चुलीपाशी होती. हळूच म्हणाली, "डावा हात हाय ना त्यो. अन्नाला, देवाला न्हाई लावायच्या त्या."

अशी लाज वाटली म्हणून सांगू. वाचा जाते तेव्हा बहुतेकांचा उजवाच हात जातो, दाखवायला डावाच उरतो, हे मला पाठ होतं. आणि मी तरी कधी डाव्या हातानं नैवेद्य दाखवलाय का?

"हात राहू द्या. नुसतं बघा," म्हटलं. भाकरी म्हणताच नजर भाकरीवर. देव, पाणी, सगळं बरोबर. मग मी काही न विचारताच बाई 'दुखतंय'कडे बघत राहिल्या. कुठं दुखतंय म्हणून पाय, पोट, डोकं अशी एकेक नावं घेतली. तोंड म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. टॉर्च मारून बघितलं. मागची दाढ किडलेली, हिरडी टम्म सुजलेली.

"गालाला हात लावून बसायच्या," शांता रडायलाच लागली. "आमाला वाटायचं, नशिबाला बोल लावत्यात."

नामदेवनं दुसऱ्या दिवशी आईला नेऊन दाढ काढून आणली. चार दिवसांनी बाई मऊ भात खायला लागल्या. नळी रद्द झाली.

जुना रिपोर्ट मी काही फाडला नाही. 'समज नाही' हे बरोबरच होतं. पेशंटच्या नावाच्या जागी तेवढं माझं नाव हवं होतं.