वासावरचं मीठ

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी, नैवेद्याला थोडाच वेळ उरला असताना, माझ्या आत्याने पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये येऊन सांगितलं की तिला वास येत नाही. त्याआधी तिने स्वतःतली कोणतीही उणीव मान्य केल्याचं आमच्या कुटुंबात कुणालाही आठवत नाही. आत्या डोंबिवलीत, कोपरच्या बाजूला राहते. तिच्या मते तिचं घड्याळ बरोबर असतं आणि उरलेलं शहर मागे चालतं. जिन्यात पाय घसरला तेव्हा पायरीच खाली सरकल्याची तक्रार तिने सोसायटीकडे केली. चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा वर्तमानपत्रांनी अक्षरं बारीक केल्याबद्दल तिने मला, मी वार्ताहर असल्यामुळे, जबाबदार धरलं.

तिचं नाक मात्र खरोखर तयार होतं. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, म्हणून आमच्याकडे मीठ वासावर ठरतं. ही विद्या आत्याला तिच्या सासूकडून मिळालेली. उकळत्या आमटीवर ती क्षणभर वाकायची, मग चिमूट सोडायची किंवा हात मागे घ्यायची. पानात वरून मीठ घेण्याची वेळ कुणावर आली नाही. त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला ताप आला. ताप उतरला, पण वास परतला नाही. वारा फिरला की पूर्वेकडच्या कारखान्यांचा उग्र दर्प तिच्या गॅलरीपर्यंत येतो. आम्ही नाकाला रुमाल लावून बसलेलो असताना कारखाने सुधारल्याबद्दल ती समाधान व्यक्त करू लागली. ती शेजारी बसून भेंडी चिरत असताना दूध करपलं, तेव्हा दोष पातेल्याचा निघाला. भाजी खारट झाली, तेव्हा हल्लीचं मीठच वेगळं असल्याचं आम्हाला कळलं. मग एका संध्याकाळी तिची सून ठाण्याहून, ऑफिसातून घरी आली, तर घरभर गॅस कोंडला होता आणि आत्या देवापुढे काडेपेटी घेऊन बसली होती. सुनेने काडेपेटी काढून घेतली, शेगडीचं बटण बंद केलं आणि खिडक्या उघडल्या. गॅसमध्ये हल्ली वासच घालत नाहीत, असं आत्या म्हणाली. पण हळू आवाजात. डॉक्टरांचा विषय काढल्यावर, सर्दी आहे, एवढंच तिने सांगितलं.

गौरीच्या दिवशी पुरण झालं, भाज्या झाल्या, आणि कटाच्या आमटीला उकळी आली. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. आत्या पातेल्यावर वाकली आणि वाकूनच राहिली. चिमटीत मीठ होतं. तिने ते पुन्हा बरणीत टाकलं, गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि ती हॉलमध्ये गेली.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "सर्दी नाही. तापापासून गेलाय. त्या दिवशी घर पेटलं असतं, तेही माझ्यामुळे."

थोडं चाखून बघावं, देवी समजून घेईल, असं कुणीतरी सुचवलं. देवीने समजून घ्यावं असं अजून काही बिघडलेलं नाही, असं आत्याने सांगितलं आणि सुनेला आत बोलावलं.

"आई, मला काय कळतंय त्यातलं? मी कुकरच्या शिट्ट्या मोजणारी बाई."

"नाक आहे ना? वाक. अजून डाळीच्या पाण्याचा वास पुढे येतोय का?"

"येतोय. मसाला मागे कुठेतरी आहे."

"मग कमी आहे. मी घालते, तू थांब म्हण."

आत्या चिमटीने मीठ सोडत राहिली. सून डोळे मिटून वाफेत उभी होती, केस कपाळाला चिकटलेले. एका क्षणी तिने सासूचं मनगटच धरलं. आत्याने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावर हात थांबवला. नैवेद्य दाखवला, पानं वाढली. आमटी पहिल्या पंगतीतच संपली आणि दुसऱ्या पंगतीसाठी नवी करावी लागली. सून तिच्यात मीठ घालत असताना आत्या बाहेर बसली होती, सुनेचं कौतुक ऐकत आणि त्यात मधूनमधून भर घालत.

त्यानंतर ती डॉक्टरकडे गेली. वास परत येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि रोजचा सराव दिला. सकाळी आत्या डोळे मिटून बसते. सून एकेक डबी तिच्या नाकाशी धरते: वेलदोडा, लवंग, कॉफी, लिंबाची साल. आत्या प्रत्येकाला "नाही" म्हणते. गेल्या रविवारी मी तिथे होतो. लवंगेपाशी ती बराच वेळ थांबली. सून पुढे झुकली.

"नाही," आत्या म्हणाली. "आठवण आहे ती. वास नाही. पुढची डबी आण."

सुनेने कॉफीची डबी उघडली.